मुंबईत नव्याने आलात? नाटक, मैफल आणि गिग (बँडचा कार्यक्रम) पाहायला जाण्याची पायरी-पायरीने माहिती

मुंबईत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेला माणूस रात्रीच्या करमणुकीची चौकशी करू लागला, की त्याच्या हाती बहुतेक वेळा वांद्रे, खार आणि लोअर परळ येथील पबांची यादी येते. त्या जागांबद्दल माझी तक्रार नाही आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिलेही आहे. परंतु या शहराची संध्याकाळ खऱ्या अर्थाने श्रीमंत होते ती येथील नाट्यगृहांमुळे आणि सभागृहांमुळे. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चार भाषांतील नाटके येथे वर्षभर होतात, शास्त्रीय संगीताच्या बैठका होतात, पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे कार्यक्रम होतात आणि यांपैकी अनेक ठिकाणी पबमधील एका बिलाच्या निम्म्या पैशांत उत्तम जागेवर बसता येते. अडचण अशी, की कोणता कार्यक्रम कुठे आहे, तिकीट केव्हा काढायचे, आत कधी सोडतात आणि रात्री घरी कसे परतायचे, हे एका ठिकाणी कुणी सांगत नाही. मीही बाहेरगावाहून येथे आलो आणि हे सारे लोकांना विचारत विचारत शिकलो. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून ही माहिती क्रमाने देत आहे.

१. आधी परतीची वाट पक्की करा

मुंबईतील संध्याकाळ शेवटाकडून आखावी लागते. घरी पोहोचण्यासाठी कोणती गाडी पकडायची हे आधी ठरवावे, त्यावरून कार्यक्रम किती वाजता संपलेला चालेल हे काढावे आणि मगच तिकीट काढावे.

पश्चिम रेल्वेवर चर्चगेटहून सुटणारी शेवटची लोकल साधारण रात्री एकच्या सुमारास असते. मध्य रेल्वेवर मात्र कर्जत, कसारा यांसारख्या लांबच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपासच संपतात. तुम्ही बदलापूर, टिटवाळा किंवा त्यापुढे राहत असाल, तर दक्षिण मुंबईतील रात्री नऊचा कार्यक्रम घेण्यापूर्वी वेळापत्रक नीट पाहावे, कारण एक गाडी चुकली तर पुढची पहाटेच मिळते. आरेपासून कफ परेडपर्यंत धावणारी भुयारी मेट्रो ३ जाताना अत्यंत सोयीची आहे, परंतु तिच्या शेवटच्या गाड्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुटतात. रात्री साडेआठचे नाटक साधारण अकराला संपते. म्हणजे मेट्रोने जाऊन मेट्रोनेच परतण्याचा बेत रात्रीच्या नाटकाला जमत नाही, आणि हे अनेकांना स्थानकाचे दार बंद दिसल्यावरच कळते.

रिक्षा दक्षिणेकडे वांद्रे आणि शीव यांच्यापुढे जात नाही, ही दुसरी गोष्ट नवीन माणसाने लक्षात ठेवावी. दादर, प्रभादेवी, गिरगाव, नरिमन पॉइंट या भागांत काळी-पिवळी टॅक्सी किंवा ॲपवरची गाडीच घ्यावी लागते. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत मीटरच्या भाड्यावर २५ टक्के जास्त आकार लागतो. तो नियमानुसार आहे, त्यावरून चालकाशी वाद घालू नये.

रविवारी दुपारचे नाटक पाहायचे असेल तर मेगाब्लॉक तपासणे अनिवार्य आहे. मध्य आणि हार्बर मार्गांवर रविवारी दिवसा देखभालीसाठी गाड्या बंद ठेवतात किंवा दुसऱ्या मार्गावर वळवतात, आणि त्याची घोषणा आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत येते. चार वाजताच्या प्रयोगासाठी डोंबिवलीहून दादरला येणाऱ्या माणसाने त्या दिवशी नेहमीपेक्षा निदान तासभर आधी निघावे.

रात्री एकट्याने परतणाऱ्या स्त्रियांनी लोकलमधील महिलांच्या डब्यात बसावे. रात्रीच्या वेळी त्या डब्यांत बंदोबस्ताला पोलीस किंवा होमगार्ड असतात. मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा क्रमांक १०३ आणि सर्व प्रकारच्या आणीबाणीसाठीचा क्रमांक ११२ हे दोन्ही फोनमध्ये आधीच नोंदवून ठेवावेत.

२. नाटक एका जागी राहत नाही, हे समजून घ्या

परदेशातील काही शहरांत एखादे नाटक एकाच नाट्यगृहात महिनोन्‌महिने चालते. मराठी व्यावसायिक नाटकाचे तसे नाही. नाटक फिरते. तोच संच शनिवारी दुपारी दादरला, शनिवारी रात्री ठाण्याला, रविवारी दुपारी पार्ल्याला आणि रात्री कल्याणला प्रयोग करतो. सेट ट्रकमधून उतरतो, उभा राहतो, प्रयोगानंतर पुन्हा ट्रकमध्ये चढतो. त्यामुळे हवे ते नाटक तुमच्या घराजवळ येण्याची शक्यता बरीच असते आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे थांबणे पुष्कळदा फायद्याचे ठरते.

प्रयोग कुठे आहे हे शोधण्याचा सर्वांत जुना मार्ग आजही चांगला आहे: मराठी दैनिकांतील नाटकांच्या जाहिराती. त्यांतील भाषा थोडी सवयीची आहे. ‘स.’, ‘दु.’ आणि ‘रा.’ म्हणजे सकाळ, दुपार आणि रात्र. ‘शुभारंभाचा प्रयोग’ म्हणजे नाटकाचा पहिला प्रयोग. पंचविसाव्या प्रयोगाला रौप्यमहोत्सवी, पन्नासाव्याला सुवर्णमहोत्सवी आणि शंभराव्याला शतकमहोत्सवी म्हणतात. माझा सल्ला असा आहे, की पहिल्या चार-पाच प्रयोगांत नाटक पाहण्याची घाई करू नये. नाटक तोपर्यंत बसत असते, संवादांची काटछाट चालू असते आणि पंधरा-वीस प्रयोगांनंतर तेच नाटक अधिक बांधीव दिसते.

एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. गाजलेल्या नाटकात एखाद्या नटाच्या जागी दुसरा नट उभा राहतो, याला या क्षेत्रात ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. तुम्ही विशिष्ट कलाकारासाठी जात असाल, तर त्या दिवशीच्या जाहिरातीतील नावे वाचावीत. जुन्या फलकावर किंवा समाजमाध्यमांतील जुन्या पोस्टवर विसंबू नये.

३. तिकीट खिडकीवर काढावे की ॲपवर?

दोन्ही मार्ग चालू आहेत आणि दोन्हींचे गुण वेगळे आहेत. नाट्यगृहाच्या खिडकीवर प्रयोगाच्या काही दिवस आधी ‘प्लॅन’ लागतो, म्हणजे आसनांचा नकाशा समोर ठेवून विक्री सुरू होते. खिडकीवरचा माणूस त्या सभागृहाला पुरता ओळखून असतो. ‘मधली जागा द्या, खांब किंवा डोकी आड येऊ देऊ नका’ असे सांगितले तर तो बहुधा योग्य खुर्ची देतो, आणि वर सेवाशुल्कही लागत नाही. खिडकीच्या वेळा मात्र ठरलेल्या असतात आणि दुपारी ती काही तास बंद असू शकते, म्हणून जाण्याआधी फोन करावा. रोख रक्कम जवळ ठेवणे शहाणपणाचे आहे.

ॲपवर बुकमायशो सर्वांना ठाऊक आहे. मराठी नाटकांसाठी अभिनेते प्रशांत दामले यांनी सुरू केलेले तिकीटालय हे ॲपही आहे. संगीताचे आणि स्टँड-अपचे बरेच कार्यक्रम झोमॅटोच्या डिस्ट्रिक्ट या ॲपवर मिळतात. ॲपवर अंतिम रक्कम भरण्यापूर्वी सेवाशुल्क किती लागले आहे ते पाहावे, कारण चार तिकिटांवर ती रक्कम जाणवण्याइतकी होते.

नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही; त्यापुढे तो लागतो. मराठी व्यावसायिक नाटकाची तिकिटे साधारण ३०० ते ५०० रुपयांच्या दरम्यान असतात, आणि बाल्कनीचे तिकीट त्यात सर्वांत स्वस्त. एकट्याने जात असाल आणि नाटक ‘हाऊसफुल्ल’ दिसत असेल, तरी प्रयोगाआधी तासभर खिडकीवर चौकशी करून पाहावी. राखून ठेवलेल्या आणि परत आलेल्या जागा त्या वेळी सुटतात आणि एका माणसाला एक खुर्ची मिळणे फार अवघड नसते.

४. पहिले नाटक घराजवळच्या नाट्यगृहात पाहा

दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमासमोरचे श्री शिवाजी मंदिर हे मराठी व्यावसायिक नाटकाचे मुख्य ठाणे आहे. दादर स्थानक चालत गाठता येते आणि तेथे पश्चिम व मध्य दोन्ही मार्गांच्या गाड्या मिळतात. नवीन माणसासाठी याहून सोयीची जागा नाही. माटुंगा पश्चिमेला अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचे यशवंत नाट्य मंदिर आहे, त्यासाठी माटुंगा रोड स्थानकावर उतरावे. मात्र तेथे फक्त धीम्या गाड्या थांबतात. प्रभादेवीला सिद्धिविनायक मंदिराजवळ रवींद्र नाट्य मंदिर आणि पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीचे संकुल आहे. मोठ्या नूतनीकरणानंतर ते २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. मुख्य सभागृहाशिवाय तेथे लहान नाट्यगृह आणि कलादालनेही आहेत.

उपनगरांत महापालिकेची नाट्यगृहे आहेत: विलेपार्ले पूर्वेला दीनानाथ मंगेशकर, बोरिवली पश्चिमेला प्रबोधनकार ठाकरे, मुलुंड पश्चिमेला कालिदास. ठाण्यात तलावपाळीला लागून राम गणेश गडकरी रंगायतन आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूला काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले, कल्याणात आचार्य अत्रे आणि वाशीत विष्णुदास भावे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजला जातो. ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन त्याचीच आठवण आहे. यांपैकी कोणतेही नाट्यगृह दुरुस्तीसाठी काही महिने बंद असू शकते, म्हणून ताजी जाहिरात पाहूनच निघावे.

पोहोचल्यावर काय होते तेही सांगतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला संकोच वाटतो. तीन घंटा होतात. पहिली झाली की आत जायला लागावे, दुसरीला आपल्या खुर्चीवर असावे आणि तिसरी झाली की पडदा उघडतो. नाटक बहुधा दोन अंकी असते, मध्ये दहा-पंधरा मिनिटांचे मध्यांतर असते आणि त्यात बटाटेवडा व चहा घेणे हा नाटक पाहण्याचाच भाग मानला जातो. रांग मोठी असते, त्यामुळे पडदा पडताच उठावे. खाद्यपदार्थ प्रेक्षागृहात नेऊ नयेत. काही सभागृहांत वातानुकूलन फार थंड असते, तेव्हा वृद्ध आई-वडिलांना नेत असाल तर शाल जवळ ठेवावी. त्यांना जिने चढणे जमत नसेल तर लिफ्ट चालू आहे का, हे तिकीट काढतानाच विचारावे आणि बाल्कनीचे तिकीट काढू नये.

मोबाइल पूर्ण बंद करावा. तो नुसता कंपनावर ठेवला तरी शांत प्रसंगात शेजारच्या दहा माणसांना ऐकू जातो, आणि पडद्याचा उजेड रंगमंचावरील नटाला सरळ दिसतो. मोबाइल वाजल्यामुळे कलाकारांनी प्रयोग मध्येच थांबवल्याचे प्रसंग महाराष्ट्रात घडले आहेत. समोर जिवंत माणसे काम करत आहेत, त्यांचे लक्ष आपल्या हातात आहे, याची जाणीव प्रेक्षकाने ठेवलीच पाहिजे.

५. पृथ्वी थिएटरला वेळेआधी पोहोचा

जुहूचे पृथ्वी थिएटर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी सुरू झाले. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी ते पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ उभे केले. जागा सुमारे दोनशे प्रेक्षकांची, रंगमंच तीन बाजूंनी प्रेक्षकांनी वेढलेला. शेवटच्या ओळीतूनही नटाच्या चेहऱ्यावरची रेघ दिसते. दादरच्या, एकाच बाजूने पाहायच्या कमानी रंगमंचावर नाटक पाहिल्यानंतर येथे यावे, म्हणजे जागा बदलली की अभिनयाची पट्टी कशी बदलते हे आपोआप समजते. हिंदी आणि इंग्रजी नाटके येथे जास्त होतात, मराठी आणि गुजरातीही होतात. सोमवारी सुटी असते.

येथे दोन गोष्टींत फसगत होते. पहिली अशी, की उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, आणि पैसेही परत मिळत नाहीत. रंगमंचाच्या कडेनेच आत जावे लागत असल्यामुळे हा नियम योग्यच आहे. जुहूची वाहतूक संध्याकाळी अतिशय संथ असते. पार्ले किंवा सांताक्रूझ स्थानकावरून रिक्षाने पंधरा मिनिटांत होणारे अंतर शनिवारी पाऊण तास घेते. दुसरी गोष्ट अशी, की जागा क्रमांकित नसतात. जो आधी रांगेत उभा राहतो त्याला आधी जागा मिळते. या दोन्हींवर उपाय एकच, प्रयोगाच्या तासभर आधी पोहोचावे आणि आवारातील कॅफेत बसावे. तेथे शेजारच्या टेबलावर पुढच्या नाटकाची चर्चा चाललेली असते आणि ती ऐकणे हा नवीन माणसासाठी चांगला अभ्यास आहे. लहान मुलांना नेण्याआधी त्या नाटकाची वयाची अट वाचावी.

ज्यांना याहूनही लहान, प्रायोगिक जागांची ओढ आहे त्यांनी वर्सोव्याच्या आरामनगर भागातील प्रयोगांवर लक्ष ठेवावे. बंगलेवजा घरांतील खोल्यांत पन्नास-साठ प्रेक्षकांसमोर तेथे नाटके होतात. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७० च्या दशकात प्रायोगिक मराठी नाटकाने जे बळ मिळवले, त्याच वृत्तीचे काम करणारी तरुण माणसे आज अशा जागा धरून आहेत. पत्ता शोधायला वेळ लागतो, फलक दिसत नाहीत, आणि या जागा बदलतही राहतात.

६. एनसीपीए, ऑपेरा हाऊस आणि मोठी सभागृहे

नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजेच एनसीपीए, १९६९ मध्ये जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांनी स्थापन केले. येथे एका आवारात पाच सभागृहे आहेत, आणि सर्वांत नेहमी होणारा घोटाळा त्यामुळेच होतो: लोक आवारात पोहोचतात पण चुकीच्या दारावर उभे राहतात. तिकिटावर टाटा थिएटर, जमशेद भाभा थिएटर, एक्सपेरिमेंटल, लिट्ल थिएटर की गोदरेज डान्स थिएटर लिहिले आहे ते पाहून दार शोधावे. १९८० मध्ये सुरू झालेले टाटा थिएटर हे वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांचे काम आहे आणि हिंदुस्थानी कंठसंगीत ऐकण्यासाठी मुंबईत माझी सर्वांत आवडती जागा तीच आहे. तानपुऱ्याचा नाद तेथे मागच्या ओळीपर्यंत स्वच्छ पोहोचतो.

येथील सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये स्थापन झाला. त्याचे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. पाश्चात्त्य संगीताच्या कार्यक्रमात रचनेच्या दोन भागांमध्ये थोडी शांतता येते, तिथे टाळ्या वाजवत नाहीत. संपूर्ण रचना संपून संचालकाने हात खाली घेतल्यावर वाजवतात. न समजल्यास इतरांची वाट पाहावी. कपड्यांचा बाऊ करू नये, कार्यालयातून थेट आलेली माणसे तेथे भरपूर असतात. ‘प्रतिबिंब’ हा मराठी नाट्योत्सवही हेच केंद्र भरवते. वारंवार जाणार असाल तर सदस्यत्वाची सवलत विचारावी. चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते किंवा वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येते; रात्री समुद्राच्या बाजूने चालत परत येणे सुरक्षित आणि सुखाचे आहे.

चर्नी रोड स्थानकाजवळचे रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मधील आहे आणि दीर्घ काळ बंद राहून २०१६ मध्ये जीर्णोद्धारानंतर पुन्हा उघडले. कार्यक्रम कोणताही असो, ती वास्तू पाहण्यासाठी एकदा जावे. शीव आणि किंग्ज सर्कल यांच्यामध्ये असलेल्या षण्मुखानंद सभागृहात अडीच हजारांहून अधिक आसने आहेत. तेथे वरच्या मजल्याचे स्वस्त तिकीट काढल्यास कलाकार फार दूर दिसतो, हे धरूनच जावे. वांद्रे-कुर्ला संकुलातील नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. तेथील मोठ्या थिएटरमध्ये परदेशी संगीतिका येतात आणि तिकिटे महाग असतात, पण त्याच वास्तूतील लहान स्टुडिओ थिएटरमध्ये तुलनेने कमी दरात उत्तम नाटके पाहायला मिळतात.

७. मैफली आणि रात्री दहाचा नियम

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातील मोजक्या दिवशी सरकार ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. बंद सभागृहाला ही अडचण नाही. या एका नियमाने मुंबई-पुण्यातील संगीताची संध्याकाळ बदलली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला आणि एके काळी रात्रभर चालत असे. आता त्यातील बहुतेक दिवस दहाला संपतात. दरबारी किंवा मालकंस या उशिराच्या रागांच्या वेळेला मैदानावरचा मांडव रिकामा झालेला असतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याचा व्यावहारिक अर्थ असा: खुल्या मैदानावरील मैफल ‘संध्याकाळी ६’ असे छापले असेल तर ती वेळेवर सुरू होते, कारण संपण्याची वेळ कायद्याने ठरलेली आहे. कार्यालयातून आठला निघून गेल्यास तुम्हाला निम्मी मैफल मिळेल. उशिरापर्यंत ऐकायचे असेल तर सभागृहातील कार्यक्रम निवडावा. दादर-माटुंगा कल्चरल सेंटरसारख्या संस्थांच्या मैफलींना प्रवेश पुष्कळदा विनामूल्य किंवा अल्प शुल्कात असतो. संस्थेत नाव नोंदवून ठेवल्यास पुढील कार्यक्रमांची माहिती मिळत राहते. गाणे चालू असताना उठू नये. बंदिश संपेपर्यंत थांबावे आणि दोन रागांच्या मधल्या वेळात बाहेर जावे.

८. स्टँड-अप आणि ओपन माइक

अंधेरी, खार, वांद्रे या भागांत जवळजवळ रोज कुठे ना कुठे ओपन माइक असतो. ओपन माइक म्हणजे सराव. पाच-पाच मिनिटांत दहा-बारा जण येतात, त्यांतील काही जण पहिल्यांदाच उभे राहिलेले असतात. शंभर-दोनशे रुपयांच्या तिकिटात तयार कार्यक्रमाची अपेक्षा धरू नये. ‘ट्रायल शो’ लिहिले असेल तर एखादा नावाजलेला कलाकार नवे विनोद तपासत असतो, आणि माझ्या मते पैशाचे खरे मोल तेथेच मिळते. मराठी स्टँड-अपला भाडिपा या यूट्यूब वाहिनीने मोठा प्रेक्षक मिळवून दिला आणि आता नाट्यगृहांतही असे कार्यक्रम होतात.

पुढच्या ओळीत बसल्यास कलाकार तुमच्याशी बोलणार, हे ठरलेले आहे. ते नको असेल तर तिसऱ्या ओळीमागे बसावे. चित्रीकरण कुठेही करू नये. काही ठिकाणी फोन पिशवीत बंद करून ठेवायला सांगतात.

९. बँड ऐकायला पबमध्ये जाताना

२००७ मध्ये लोअर परळच्या गिरणी आवारात ब्लू फ्रॉग हे बँड ऐकण्याचे ठिकाण सुरू झाले, तेव्हा केवळ संगीत ऐकण्यासाठी लोक अशा जागी येऊ लागले. ते २०१६ मध्ये बंद झाले, पण त्याने लावलेली सवय टिकली. आज लोअर परळ आणि वांद्रे-खारमध्ये गिगसाठीच्या जागा आहेत. त्या उघडतात आणि बंदही होतात, म्हणून जागेच्या नावापेक्षा बँडच्या नावाचा माग ठेवावा. जाहिरातीत ‘रात्री ८’ म्हणजे दार उघडण्याची वेळ असते. मुख्य बँड पुष्कळदा साडेनऊ-दहाला येतो. पब आणि परमिट रूम रात्री दीडपर्यंत चालतात, परंतु तेव्हा लोकल संपलेली असते, हे पहिल्या मुद्द्यात आलेच आहे.

महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ आणि कडक मद्यासाठी २५ पूर्ण असावे लागते. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य पिण्यासाठी व्यक्तिगत परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांचा असतो आणि आजीवन परवाना १,००० रुपयांचा. दुसरे शहर सोडून आलेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊकच नसते. वरचेवर जाणार असाल तर आजीवन परवाना काढून मोकळे व्हावे. निवडणूक आणि काही सणांच्या दिवशी ‘ड्राय डे’ असतो, त्या दिवशी गिग चालू असले तरी मद्य मिळत नाही.

‘कव्हर’ म्हणजे प्रवेशशुल्क आहे का, ते बिलात वळते होते का, आणि एकट्या पुरुषाला प्रवेश आहे का, हे तीन प्रश्न फोनवर आधी विचारावेत. बिलात मद्यावर व्हॅट आणि खाद्यपदार्थांवर जीएसटी असे दोन वेगळे कर असतात. सेवा आकार म्हणजे सर्व्हिस चार्ज देणे ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तसे सांगतात. तो काढण्यास नकार दिला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

आत गेल्यावर बसण्याआधी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कुठे आहे ते पाहावे. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधील गच्चीवरील पबच्या आगीत १४ जणांचा जीव गेला. जिना अडलेला असेल, छत ताडपत्रीचे किंवा बांबूचे असेल आणि गर्दी दाटलेली असेल, तर तिकिटाचे पैसे सोडून द्यावेत आणि निघून यावे.

१०. मोठे महोत्सव आणि मैदानी कार्यक्रम

काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून होतो, साधारण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस चालतो आणि त्याला प्रवेशशुल्क नसते. नवीन माणसाला नृत्य, नाटक आणि संगीत यांची एकत्र ओळख करून घेण्यासाठी ही उत्तम संधी आहे. शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जावे. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव, महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा हा संगीत महोत्सव आणि नोव्हेंबरात पृथ्वीचा नाट्यमहोत्सव, असे हिवाळ्याचे दिवस भरलेले असतात.

मोठ्या कार्यक्रमांत काळ्या बाजाराची तिकिटे हा खरा धोका आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत झालेल्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांच्या वेळी तिकिटे मूळ किमतीच्या अनेक पटींनी पुन्हा विकली गेली. व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड हे तिकीट समजू नये. तोच कोड दहा जणांना विकलेला असू शकतो आणि दारावर पहिल्यालाच प्रवेश मिळतो.

११. सोबत काय ठेवावे

• मूळ ओळखपत्र: आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पबमध्ये छायाप्रत चालेलच असे नाही. डिजिलॉकरमधील प्रत बहुतेक ठिकाणी मान्य होते.
• विद्यार्थी असाल तर महाविद्यालयाचे ओळखपत्र. काही संस्था सवलत देतात.
• तिकिटाचा स्क्रीनशॉट, कारण भुयारी आणि जाड भिंतींच्या सभागृहांत इंटरनेट मिळत नाही.
• लोकलचे परतीचे तिकीट किंवा पास. रात्री खिडकीवर रांग नसली तरी गाडी चुकते.
• थोडी रोख रक्कम, शाल, आणि जून ते सप्टेंबरमध्ये छत्री.
• मोठी बॅग नको. लॅपटॉपची बॅग काही जागी बाहेर ठेवायला लावतात.

१२. प्रयोग रद्द झाला तर

पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या किंवा कलाकार आजारी पडला, तर प्रयोग आयत्या वेळी रद्द होतो. ॲपवरचे पैसे बहुधा आपोआप खात्यात परत येतात, पण सेवाशुल्क परत मिळते की नाही ते अटींत पाहावे. खिडकीवर घेतलेल्या तिकिटाचे पैसे मूळ तिकीट दाखवल्यावर त्याच खिडकीवर मिळतात आणि त्यासाठी ठरावीक दिवसांची मुदत असते, तेव्हा तिकीट फाडू किंवा टाकून देऊ नये. काही निर्माते पैशांऐवजी पुढच्या प्रयोगाचे तिकीट देऊ करतात. तारीख सोयीची असेल तर ते घ्यावे, नसेल तर पैसेच मागावेत. मुसळधार पावसाच्या दिवशी घरून निघण्यापूर्वी नाट्यगृहात फोन करून प्रयोग होणार आहे का, एवढे विचारून घ्यावे.